पाल्यावर उतारा पाल्याचा

‘पाला’ हा शब्द मराठीत आहे आणि हिंदीतही आहे. परंतु दोन्ही भाषांत त्याचे अर्थ अगदी निराळे आहेत. मराठी माणसाला पाला म्हटले की झाडाची पाने आठवतात. हिंदी भाषिक शेतकऱ्याला पाला म्हटले की पौष-माघातली ती रात्र आठवते, जिच्यात दवाचे बर्फ होते आणि सकाळी उभे पीक काळे पडलेले दिसते. नोकरीधंद्याच्या निमित्ताने दिल्ली, ग्वाल्हेर, झाशी, लखनौ अशा नगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या दुसऱ्या अर्थाची ओळख बहुधा पहिल्याच हिवाळ्यात होते. कार्तिकात जिचे थाटाने लग्न लावले, ती वृंदावनातली तुळस पौषात करपते. गावाकडून जपून आणलेला कढीलिंब पाने टाकतो, अळूचा वाफा भुईसपाट होतो, जास्वंदीचे शेंडे काळवंडतात. मग ‘इथली थंडी आपल्या झाडांना मानवत नाही’ असा निकाल देऊन कुंड्या रिकाम्या केल्या जातात.

हा निकाल अर्धाच खरा आहे. एकाच गल्लीत, एकाच रात्री एका अंगणातली झाडे जळतात आणि शेजारच्या अंगणातली तगून राहतात, असे पुष्कळदा दिसते. थंडी दोघांनाही सारखीच असते. माती मात्र सारखी नसते. निःसत्त्व जमिनीत उभे असलेले झाड थंडीपूर्वीच अर्धे हरलेले असते. म्हणून जमीन सुधारणे आणि हिवाळ्यात झाडे राखणे ही बागवानाची दोन निरनिराळी कामे नव्हेत. ते एकच काम आहे आणि त्याचा आरंभ हिवाळ्यात नव्हे, तर त्याच्या आधीच्या फाल्गुनात व्हावयास हवा.

हे पटावयाचे तर थंडी झाडाला कशी गाठते ते प्रथम पाहिले पाहिजे. दिवसभर जमीन सूर्याची उष्णता घेते आणि रात्रभर ती आकाशाला परत करते. आकाशात ढग असले की ते गोधडीसारखे काम करतात व ऊब फारशी निसटत नाही. वारा असला तर वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळत राहते. परंतु आकाश निरभ्र आणि हवा निश्चल असली म्हणजे जमिनीलगतचा थर झपाट्याने निवतो. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीच्या आडोशाला असतो. त्यामुळे वर्तमानपत्रात किमान तापमान तीन-चार अंश म्हणून छापून आले, तरी त्याच रात्री उघड्या वाफ्यातल्या पानाचे तापमान शून्याखाली गेलेले असू शकते. २०२१ सालच्या पहिल्याच दिवशी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत पारा १.१ अंशावर उतरला होता. तेव्हा गवताच्या पात्यांवर काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते. महाराष्ट्रालाही हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला थंडीची लाट म्हणजे काय ते सांगावे लागत नाही आणि महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठलेले आढळतात.

थंडीची इजा दोन प्रकारची असते. केळ, पपई, अळू, नागवेल, तुळस ही उष्ण प्रदेशातली मंडळी. तापमान दहा अंशांखाली रेंगाळू लागले की त्यांची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात आणि मुळांचे पाणी ओढण्याचे काम मंदावते. बर्फ व्हायच्या आधीच ती दुखावलेली असतात. दुसरा प्रकार प्रत्यक्ष हिमाचा. पानातील पेशींच्या मधल्या जागेत बर्फाचे कण तयार होतात व ते पेशींमधील पाणी बाहेर ओढून घेतात. पेशी सुकतात, त्यांची आवरणे फाटतात; म्हणून पाल्याने मारलेले पान उन्हात उकडल्यासारखे मऊ व काळे दिसते. वस्तुतः ती एक प्रकारची तहानच असते आणि तहानेचा संबंध आला की मातीचा संबंध आलाच.

मातीचे महत्त्व येथे तीन परींनी आहे. पहिली गोष्ट उष्णतेच्या साठ्याची. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. त्यामुळे दिवसाची ऊब अशा जमिनीत खोल उतरत नाही. वरच्या दोन बोटांच्या थरात ती साठते आणि रात्र पडताच उडून जाते. पाण्यात मात्र उष्णता साठवण्याची शक्ती मोठी असते. ओल धरून राहणारी माती दिवसा ऊन पोटात घेते आणि पहाटेपर्यंत थोडेथोडे परत करीत राहते. दुसरी गोष्ट मुळांच्या खोलीची. भुसभुशीत जमिनीत मुळे खोल जातात. तेथे पृष्ठभागाची थंडी पोहोचत नाही. शेंडा जळाला तरी बुडखा जिवंत राहतो आणि वसंतात तेथून नवे फुटवे येतात. तिसरी गोष्ट पोषणाची. ज्याला पालाश बेताने व नियमित मिळालेले आहे, ज्याची खोडे वेळेवर जून झाली आहेत, ते झाड थंडीला उपाशी, कोवळ्या झाडापेक्षा अधिक टिकते. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी जमिनीतले कुजके सेंद्रिय द्रव्य असते. शास्त्रज्ञ ज्याला ह्यूमस म्हणतात, ते हेच.

नेमके हेच द्रव्य शहरी अंगणात नसते. नव्या घराभोवतीची जमीन म्हणजे बहुधा पायाची उकरलेली खालची माती, विटांचे तुकडे, चुन्या-सिमेंटचा चुरा आणि वरून पसरलेला मुरूम. अशा जमिनीत रोप लावण्यापूर्वी तिची ओळख करून घेणे अगत्याचे आहे आणि त्यासाठी प्रयोगशाळा प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. काचेच्या बरणीत तृतीयांश माती घालून वर पाणी भरावे, चांगले हलवावे आणि बरणी स्थिर ठेवावी. वाळू एक-दोन मिनिटांत तळाशी बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. थरांच्या जाडीवरून जमिनीची जात कळते. मातीच्या ढेकळावर सिरक्याचे थेंब टाकले आणि फेस आला, तर तीत चुना आहे असे समजावे. फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने एकदा भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल, तर निचऱ्याची सोय आधी करावयास हवी, खताची मागाहून.

माती कळली की दोष कळतो. गंगा-यमुनेच्या गाळाची जमीन मुळात चांगली. पण शहरात ती बहुधा सेंद्रिय द्रव्याला पारखी आणि विम्लतेकडे झुकलेली असते. माळवा व विदर्भातली काळी माती सत्त्वाने श्रीमंत, परंतु ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. दोन-चार पाट्या वाळू टाकून ती सुधारत नाही, तिला कुजलेले खतच लागते. कोकण-गोव्याची जांभ्याची माती आम्ल आणि पाणी न धरणारी. तेथे राख हितकारक; पण उत्तरेकडच्या विम्ल जमिनीत तीच राख टाकली तर दोषात भर पडते. जमीन खरोखरच उसर, म्हणजे सोडियमयुक्त असेल, तर मातीची रीतसर तपासणी करून सांगितलेल्या प्रमाणात जिप्सम घालावे आणि पाण्याचा निचरा साधावा. इतके भेद असले तरी एक औषध या सर्वांना चालते. ते म्हणजे कुजलेला पाला.

या औषधाची शास्त्रीय कृती सिद्ध झाली ती मराठी माणसाला परक्या न वाटणाऱ्या एका नगरीत. १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेले अल्बर्ट हॉवर्ड पुढे इंदूरला आले. तेथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या संस्थेत त्यांनी शेतातील काडीकचरा, पाने, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी चाळवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. त्यांचे सहकारी होते रसायनज्ञ यशवंत वाड. या दोघांच्या नावाने १९३१ मध्ये या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ती रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. तिच्यात नवे असे कोणतेही द्रव्य नव्हते. भारतीय शेतकऱ्याचा उकिरडा आणि पूर्वेकडील देशांची खत राखण्याची जुनी परंपरा यांना तिने मोजमाप आणि क्रम दिला, इतकेच.

घरच्या अंगणात ही पद्धत सहज करता येते. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब, पिंपळ, शिरीष यांची पाने गळतात. ती गोळा करून तीन फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा ढीग रचावा. त्यात तीन टोपल्या वाळक्या पाल्याला एक टोपली हिरवा कचरा किंवा शेण असे सामान्य प्रमाण ठेवावे. स्वयंपाकघरातील भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा हे सारे हिरव्या कचऱ्यातच मोडते. मधूनमधून ओंजळ-ओंजळ चांगली माती पसरावी. ओल इतकीच असावी की मूठभर पाला पिळला असता एक-दोन थेंब निघावेत. ढीग नीट रचला गेला तर काही दिवसांतच त्याचे पोट तापते, पन्नास-साठ अंशांपर्यंतही जाते. हात घातला तर चटका जाणवतो. दर पंधरवड्याने बाहेरचा थर आत व आतला बाहेर असा तो उलथावा. दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली असे समजून वाळका पाला मिसळावा. ढीग थंडच राहिला तर शेण व पाणी थोडे वाढवावे. नुसत्या पानांचा ढीग असेल तर त्याला अधिक अवधी लागतो; पण तोही पावसाळा संपेपर्यंत बऱ्याच अंशी कुजतो.

खत किती लागते याचा हिशेब मात्र आधी करावा, कारण येथे बहुतेकांची निराशा होते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा वाफ्यावर दोन इंच जाडीचा थर पसरावयाचा तर सुमारे सतरा घनफूट खत लागते. वर सांगितलेला ढीग रचताना सत्तावीस घनफूट असतो. परंतु कुजून तो निम्म्याहूनही कमी होतो. म्हणजे एवढ्याशा वाफ्यालाही दोन ढीग हवेत. तितका पाला न मिळाल्यास मृगाच्या आसपास वाफ्यात ताग दाट पेरावा, सहा-सात आठवड्यांनी फुले येऊ लागताच तो कापून जमिनीत गाडावा आणि महिनाभर कुजू द्यावा. मातीचे पोट भरावयाचा हा स्वस्त मार्ग आहे. मात्र एका वर्षात जमीन पालटेल अशी अपेक्षा धरू नये. पहिल्या वर्षी माती हाताला मऊ लागते, दुसऱ्या वर्षी तीत गांडुळे दिसू लागतात आणि तिसऱ्या वर्षी खुरपे सहज आत जाते. डार्विनसारख्या शास्त्रज्ञाने गांडुळांच्या मशागतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो १८८१ मध्ये. तेव्हा गांडूळ दिसले की श्रम फळाला आले असे मानावयास हरकत नाही.

आश्विन संपता संपता हे खत वाफ्यात मिसळून झालेले असावे. त्यानंतर बागवानाने हात आखडता घ्यावयाचा असतो. कार्तिकानंतर युरिया किंवा ताजे शेणखत दिले, अथवा छाटणी केली, तर झाड कोवळी फूट काढते आणि पहिल्या कडाक्यात तीच प्रथम जळते. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र पक्व होताच खुडून घ्याव्यात. झाडाची शक्ती वाचते आणि बीही हाती राहते. कारण जुनी, काष्ठ झालेली तुळस कितीही जपली तरी एखाद्या वर्षी जाणारच आणि चैत्रात पेरण्यास घरचे बी असणे हाच तेव्हाचा आधार.

आच्छादनाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बुंध्याभोवती वाळका पाला पसरला की झाड सर्वस्वी सुरक्षित झाले, असे नाही. पाल्याचा थर मुळांना ऊब देतो व ओल राखतो, हे खरे. परंतु तोच थर दिवसा ऊन जमिनीत शिरू देत नाही आणि रात्री जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. त्यामुळे हिमाच्या रात्री आच्छादलेल्या वाफ्यावरची हवा उघड्या ओल्या वाफ्यापेक्षा अधिक गार होऊ शकते. म्हणून मोठ्या झाडांच्या मुळांवर पाला राहू द्यावा. पण जमिनीलगतच्या कोवळ्या रोपांभोवतीचा पाला थंडीची लाट येताच दिवसा बाजूला सारावा, दुपारच्या आत वाफा ओला करावा आणि त्याला ऊन खाऊ द्यावे. भुईत साठलेली ती ऊबच रात्री रोपाला उपयोगी पडते.

ही ऊब अडवून धरणे हे पांघरुणाचे काम. पांघरूण झाडाला स्वतःची उष्णता देत नाही. ते जमिनीकडून येणारी उष्णता निसटू देत नाही. म्हणून ते जमिनीपर्यंत टेकलेले असावे. नुसत्या शेंड्यावर बांधलेल्या फडक्याचा फारसा लाभ नसतो. चार काठ्या रोवून त्यांवर जुने लुगडे, चादर किंवा गोणपाट असे टाकावे की ते पानांना चिकटणार नाही. प्लास्टिकचा कागद पानाला टेकला तर तेवढे पान हमखास जळते. सूर्य मावळण्यापूर्वी झाकावे व सकाळी ऊन आले की उघडावे. उत्तरेकडील घरांत हिवाळ्यात तुळशीला ओढणी पांघरण्याची चाल आहे. तीत श्रद्धा आहे तशी शास्त्रीय दृष्टीही आहे. पपई, केळ किंवा आंब्याचे लहान रोप यांना गवताचा झाप तीन बाजूंनी बांधून आग्नेयेकडची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत येते.

कुंड्यांची गोष्ट निराळी. जमिनीतल्या मुळांना चहूकडून मातीचा आधार असतो. कुंडीतली मुळे चारही बाजूंनी उघड्यावर असतात. त्या कुंड्या एकमेकींना खेटून, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत ठेवाव्यात. दिवसा तापलेली भिंत रात्रभर ऊब देते. गार हवा पाण्यासारखी उताराकडे वाहते व खोलगट जागी साचते. म्हणून अंगणाच्या खळग्यात नाजूक झाडे लावू नयेत. मोठ्या बागांची साधने वेगळी असतात. खानदेशातले शेतकरी केळीभोवती शेवरीचे कुंपण वाढवून गार वारा अडवितात. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या रात्री बागेला पाणी सोडतात व शेकोट्या पेटवितात. शेकोटीत उपयोग होतो तो मुख्यतः उष्णतेचा. धुराने थंडी अडते ही समजूत फारशी खरी नाही.

एवढे करूनही काही पाने काळी पडतीलच. तेव्हा घाईने कात्री चालवू नये. जळालेला शेंडा खालच्या जिवंत भागाचे पुढच्या थंडीपासून रक्षण करतो. माघ सरून हवेत ऊब आली म्हणजे खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. जेथवर हिरवे असेल तेथे छाटावे. वरचे सारे खोड वाळले असले तरी बुडखा काही आठवडे तसाच राखावा. सुधारलेल्या जमिनीतला कढीलिंब किंवा जास्वंद पुष्कळदा मुळापासून पुन्हा फुटते आणि ‘मेले’ म्हणून उपटलेल्या कित्येक झाडांना वस्तुतः फक्त महिनाभराचा अवधी हवा असतो.

नेमक्या याच सुमारास रस्त्यांवर नवी पानगळ सुरू होते. पाने झाडली जातात, त्यांचे ढीग होतात आणि कोठे कोठे त्यांना काडी लावली जाते. दिल्लीत उघड्यावर पाला जाळण्यास बंदी आहे आणि ती हवेच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु बागवानाच्या दृष्टीने पाहिले तर त्या धुरात दुसरेही काही जात असते. पुढच्या हिवाळ्यात ज्या मातीने ओल आणि ऊब धरावयाची, तिचा आहार तेथे जळत असतो. दारची पाने दारातच कुजवावीत, यासाठी मोठे भांडवल किंवा विशेष विद्या लागत नाही. एक कोपरा, एक टोपली आणि आठ-दहा महिन्यांचा धीर लागतो. परमुलखी रुजू पाहणाऱ्या झाडाला नवे हवामान बदलून देता येत नाही. पण पायाखालची जमीन मात्र त्याला निश्चित करून देता येते. फाल्गुनातला पाला ज्याने राखला, त्याला पौषातल्या पाल्याचे भय पुष्कळच कमी राहते.